कल्लेवाल्याचा पासपोर्ट फोटो

खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीच विचारलं नाही. दार उघडलं, मला सोफ्यावर बसवलं, माझ्यापुढे एक फोटो धरला आणि म्हणाले, "सांग गा, हा प्राणी गवत खाते की मांस?"

फोटोत एक इसम होता. अंगात चकचकीत गणवेश, कपाळावर तीन शिंगं, तोंडात हे एवढाले सुळे, आणि खाली कोपऱ्यात निळ्या शाईची झोकदार इंग्रजी सही. मी नुकताच पुलगावहून येऊन धंतोलीतल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये लागलो होतो. धरमपेठेत परवडेल अशी खोली परत मिळाली नसती. सुळ्यांकडे बघून मी भीतभीत "मांस" म्हणालो.

"दात नको पाहू. दात रबराचे आहेत. शिंगं पाह्य. गाय, म्हैस, बकरी, हरीण. शिंगवाला एक तरी प्राणी शिकार करताना पाहिला काय तू? हा बिचारा गवत खाणारा आहे. मालिकावाल्यांनी सुळे बसवून त्याची फुकट बदनामी केली."

मी मान हलवली. आतून काकू चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "उत्तर चुकलं तरी खोली भेटते बाप्पा. मागच्या भाडेकरूनं तर भूत म्हटलं होतं."

अशी माझी आणि डॉक्टरसाहेबांची ओळख झाली. ते जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत तालुक्या-तालुक्यांतून गाईम्हशींची बाळंतपणं करून निवृत्त झालेले. गल्लीत नवा आलेला माणूस कधीकधी ताप दाखवायला यायचा, तेव्हा ते आधी विचारत, "पाय किती?" दोन म्हटलं की धंतोलीतल्या दवाखान्यांचा रस्ता दाखवत.

पण आमच्या भागात त्यांचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणानं. ते राजपत्रित अधिकारी होते. म्हणजे कागदावर आणि फोटोवर हिरव्या शाईनं सही करून 'हा माणूस तोच' असं सांगायचा अधिकार त्यांना सरकारनं दिला होता. पोलीस भरती, कॉलेजची अ‍ॅडमिशन, काहीही असो, ते सुटीवर घरी आले की पोट्टे रांग लावत. बाकीचे अधिकारी न बघता सह्या ठोकून मोकळे होत. डॉक्टरसाहेब आधी फोटो बघत, मग तोंड बघत, मग पुन्हा फोटो. एकदा एक जण गुळगुळीत गालांचा फोटो घेऊन आला आणि गालांवर दाढी. त्याला त्यांनी सही न करता न्हाव्याकडे पाठवलं. "ओळख पटली पाहिजे," म्हणाले. तो बिचारा दाढी करून आला, तर मिशी तशीच होती. पुन्हा पाठवलं.

पुढे सरकारनं ठरवलं की ज्यानं त्यानं आपल्या कागदांवर आपणच सही करावी, मध्ये अधिकारी नको. इतर अधिकाऱ्यांना बरंच वाटलं असेल. डॉक्टरसाहेबांच्या ते फार मनाला लागलं. त्याच सुमारास ते निवृत्त झाले. हिरव्या शाईची दौत तशीच राहिली आणि रिकामा वेळ हातात आला. मग त्यांनी ठरवलं, लोक स्वतःच स्वतःला साक्षांकित करतात तरी कसे ते आता आपण पाहू. आणि परदेशी टीव्हीवरच्या अंतराळातल्या मालिकांमधल्या नटनट्यांना पत्रं पाठवून त्यांचे सही केलेले फोटो मागवायला लागले. ऑटोग्राफ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. 'स्वसाक्षांकित प्रत' म्हणत.

अंतराळच का, हे मी एकदा विचारलं होतं.

"इतर नटांचं काय आहे गा, तोंड दिसते, सही दिसते, खेळ खतम. इथं खरी मजा आहे. तोंड मंगळावरचं अन् सही लंडनच्या माणसाची. आता सांग, ओळख कोणाची पटवशील?"

यासाठी त्यांनी एक नियमच केला होता. प्रत्येक नटाचे दोन फोटो पाहिजेत, एक मुखवट्यातला आणि एक साध्या तोंडाचा, आणि दोन्हींवर एकच सही. दोन्ही आले की ती 'जोडी' शेजारी शेजारी फ्रेममध्ये जाऊन बैठकीच्या भिंतीवर चढायची. एकच आला तर तो कपाटात. कपाटाच्या त्या खणाला 'प्रलंबित' म्हणत.

बैठकीत बसलं की चारही बाजूंनी निळे, हिरवे, खवल्यांचे, तीन डोळ्यांचे लोक आपल्याकडे बघत, आणि प्रत्येकाच्या शेजारी एखादा टक्कल पडलेला साधा गृहस्थ किंवा चष्म्यातल्या बाई. काकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू याच भिंतींच्या मध्ये व्हायचं. एकदा एका नव्या शेजारणीनं हळूच विचारलं, हे तुमच्याकडचे देव काय? काकू वाण देता देता म्हणाल्या, "नाही वं. हे यांचे मित्र. डावीकडे कामावर जाताना, उजवीकडे घरी आल्यावर." मला तर वाटतं त्या संग्रहाचं याहून चांगलं वर्णन खुद्द डॉक्टरसाहेबांनाही जमलं नसतं.

पत्रं इंग्रजीत असत, पण सरकारी. "वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की" इथून सुरुवात. मग नटाच्या कामाची स्तुती, आणि तिसऱ्या परिच्छेदात पशुवैद्यकीय शेरे. "आपण साकारलेल्या जीवास खूर आहेत, तरी तो झाडावर चढताना दाखविला आहे. कृपया खुलासा व्हावा." खुलासा यायचाही. एका बाईंनी लिहिलं होतं की मी हे तेव्हाच दिग्दर्शकाला सांगितलं होतं, पण कुणी ऐकलं नाही. ते पत्र घेऊन डॉक्टरसाहेब आठवडाभर गल्लीत मिरवत होते. रविवारी सकाळी मला बोलावून पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी ऐकताना तर्री पोहे खायचे, असा आमचा करार झाला होता. पोह्यांसाठी जायचो, हे खरं. पण नंतर नंतर पत्रांसाठीही जायला लागलो.

या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी एकच माणूस होता. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे, सगळे त्याला कल्लेवाला म्हणत. डॉक्टरसाहेब गडचिरोलीकडे नोकरीला असताना रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची, त्यात तो यानाचा इंजिनियर होता. दोन्ही गालांवर माशासारखे कल्ले. तिकडे वीज बेभरवशाची, जनरेटर चालला तर दिसायचा, नाही तर नाही.

"बाकीचे मुखवटा घालून नुसते बोलतात," डॉक्टरसाहेब सांगत. "हा मुखवटा घालून श्वास घ्यायचा. घाबरला की कल्ले भराभर हलत, झोपला की हळू. कोणी सांगितलं होतं त्याले इतकं कराले? जनावराचा श्वास पाहूनच मी रोग ओळखतो. हा माणूस कुठं तरी बसून तासनतास मासे पाहत असला पाहिजे."

गंमत अशी, की या कल्लेवाल्याला मुखवट्याशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं. मालिका बंद पडून जमाना झाला, आता सगळ्यांचं सगळं फोनवर सापडतं, पण याचा साधा एक फोटो कुठे नाही. मीही शोधून पाहिलं. म्हातारा झाला असेल, एवढंच काय ते कळत होतं. डॉक्टरसाहेबांनी कुठून तरी पत्ता मिळवून त्याला लिहिलं, आणि एका उन्हाळ्यात, नागपूर तव्यासारखं तापलेलं असताना, त्याचा फोटो आला. मुखवट्यातला. खाली सही.

मला वाटलं आता पेढे. काकूंनाही तेच वाटलं. डॉक्टरसाहेबांनी भिंग लावून फोटो पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "परत पाठवावा लागते."

"काहून?" काकूंनी विचारलं.

"तोंड इंजिनियरचं, सही नटाची. नटाचं तोंड कुठाय? ओळख पटत नाही."

आम्ही दोघांनी पुष्कळ समजावलं. एवढ्या वर्षांनी आला आहे, ठेवून घ्या, कपाटात ठेवा. पण इतरांसाठी चालायचं ते प्रलंबित कपाट याच्यासाठी चालेना. त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि सोबत पत्र जोडलं. आपला प्रस्ताव त्रुटींमुळे परत करण्यात येत आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील, दोन्ही कान दिसतील असे, अलीकडच्या काळात काढलेले पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, मुखवट्याविना, स्वाक्षरीसह सादर करावेत. जगात सही मागणारे पुष्कळ असतील, आलेली सही त्रुटी काढून परत करणारा माणूस मी हा एकच पाहिला.

उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. डॉक्टरसाहेब पोस्टमनला रोज विचारत आणि काही नसलं की "टपालाले वेळ लागते" असं त्यालाच समजावत.

याच दिवसांत माझं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे आम्हीच ठरवलं. ती आमच्याच सेंटरमध्ये रिसेप्शनवर होती. तिचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला, घर तिथल्याच कॉलनीत. तिच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात धम्म स्वीकारलेला. आमच्या घरच्यांनी तिचं आडनाव ऐकलं आणि फोन उचलणं बंद केलं. तिच्या वडिलांनी मात्र मला जेवायला बोलावलं, नोकरी विचारली, आणि पोरगी म्हणते तर ठीक आहे म्हणाले.

नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं. महिनाभराची नोटीस लागली. साक्षीदार तीन लागतात. एक तिचा भाऊ, एक माझा मित्र. तिसरं, माझ्या बाजूनं उभं राहणारं मोठं माणूस असं कुणी उरलंच नव्हतं. मी तिला सोबत घेऊन डॉक्टरसाहेबांना विचारायला गेलो. ते लगेच उठून कपाटातून हिरवी दौत काढायला लागले, तेव्हा काकूंनी आठवण करून दिली की तिथं निळी चालते. "याच्या तोंडाची खात्री मी देतो," ते तिला म्हणाले. "आठ वर्षं रोज पाहून राहिलो. पोरगा गवत खाणारा आहे, पोरी. घाबरू नको."

आणि नोटिशीचा महिना संपत आलेला असताना, डिसेंबरच्या एका सकाळी, चहा पिताना डॉक्टरसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यातून चहा खाली सांडला. त्यांचा उजवा गाल उतरला होता. डोळा मिटेना, तोंड डावीकडे ओढलेलं. काकू घाबरून मला हाका मारायला लागल्या. मी त्यांना रिक्षात घालून धंतोलीला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, औषध घ्या, काही महिन्यांत सुधारेल, थोडं राहीलही कदाचित.

"घोड्याले होते असं," परत येताना डॉक्टरसाहेब म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते. "तोंडावरची मोहरकी घट्ट बांधली की नस दबते अन् ओठ लोंबते. मी लय घोडे बरे केले. पण घोड्याचं बरं आहे गा, त्याले आरसा नसते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंडाला दुपट्टा बांधला. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं शहर दुपट्टा बांधून फिरतं, फक्त डोळे दिसतात, आईलासुद्धा पोरगा चपलांवरून ओळखावा लागतो. पण हा डिसेंबर होता, आणि हे घरात बसलेले. जेवायला एकटे बसत. रविवारचे पोहे बंद झाले. बैठकीतला आरसा काढून ठेवला. कुणी आलं की आतल्या खोलीत जात.

मी लग्नाचं विचारायला गेलो तेव्हा पाठमोरे बसून म्हणाले, "दुसरा पाह्य कोणी. तिथं फोटो काढतात."

"डॉक्टरसाहेब, फोटोत काय आहे? तुम्ही आले म्हणजे झालं."

"मले नाही जमणार. जा तू."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. माझ्या आईबापांनी तोंड फिरवलं होतं, आता यांनी पाठ केली. मी विवाह नोंदणी कचेरीतल्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, काही टेन्शन घेऊ नका, बाहेर साक्षीदार उभेच असतात, चहापाण्यावर सही देतात. लग्नाच्या कागदावर माझ्या बाजूनं कुणी अनोळखी माणूस येणार होता. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की ठीक आहे, आपण दोघं तर ओळखीचे आहोत.

लग्नाच्या आदल्या दिवशी परदेशी तिकिटांचं पाकीट आलं. काकूंनी मला हाक मारली, कारण डॉक्टरसाहेब ते उघडायलाच तयार नव्हते. मी उघडलं. आत तोच परत पाठवलेला फोटो होता, आणि पासपोर्ट आकाराचे दोन छोटे फोटो. पार्श्वभूमी पांढरी. दोन्ही कान स्पष्ट. दोन्हींवर सही. सोबत दोन ओळी, की आपण काढलेल्या त्रुटी दूर केल्या आहेत, आणखी काही राहिल्यास कळवावे. समुद्रापलीकडच्या त्या म्हाताऱ्यानं फोटोच्या दुकानात जाऊन, कान दाखवून, आमच्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम तंतोतंत पाळला होता.

डॉक्टरसाहेबांनी फोटो हातात घेतला. गोल चेहऱ्याचा, पांढऱ्या भुवयांचा एक साधा म्हातारा. पण त्याच्या दोन्ही गालांवर, जिथे कल्ले असत बरोबर तिथे, कातडी लालसर, सुरकुतलेली, भाजल्यासारखी दिसत होती.

"गोंद," डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले. "वर्षानुवर्षं रोज चिकटवायचे अन् ओढून काढायचे. कातडी गेली त्याची." मग फोटो उजेडाकडे धरून, "म्हणून हा कुठं दिसत नव्हता गा."

ते फोटो बघत राहिले. काकू पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या माणसाले तुम्ही बिनमुखवट्याचं तोंड मागितलं, त्यानं दिलं. अन् इथं या पोराचं उद्या लग्न आहे, तुम्ही दुपट्टा बांधून बसले."

मी वर माझ्या खोलीत निघून आलो.

सकाळी आम्ही कचेरीत पोचलो. तिचे आईवडील, भाऊ, माझा मित्र, आणि एजंटनं आणलेला एक माणूस, जो सारखा घड्याळ बघत होता. आमचा नंबर यायला थोडा वेळ होता तेवढ्यात जिन्यावरून काकूंचा आवाज आला, आणि त्यांच्या मागून डॉक्टरसाहेब. कडक इस्त्रीचा सफारी, पायात पॉलिश केलेले बूट, आणि डोळ्यांखाली सगळं तोंड पांढऱ्या दुपट्ट्यात. मला एवढं हायसं वाटलं की मी भर कचेरीत त्यांच्या पाया पडलो.

आम्हाला आत बोलावलं. एकेक साक्षीदार कॅमेऱ्यासमोर बसत होता. डॉक्टरसाहेबांची पाळी आली तशी बाबू म्हणाला, "काका, दुपट्टा काढा." ते खुर्चीवर बसले, गाठीला हात लावला आणि हात तिथंच राहिला. डोळ्याला पाणी येत होतं, पण तो डोळा त्या आजारात तसाही वाहायचा, त्यामुळे काही सांगता येत नाही. बाबू भला माणूस होता. त्यानं घाई केली नाही. म्हणाला, "तब्येत बरी नसेल तर राहू द्या काका. दारात हा माणूस उभाच आहे, त्याची घेऊन टाकू."

डॉक्टरसाहेबांनी त्या माणसाकडे पाहिलं. मग बाबूला विचारलं, "हा या पोट्ट्याले ओळखते काय?"

"नाही. पण चालते."

"मी ओळखतो," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि दुपट्टा सोडला.

तिच्या वडिलांनी मान झुकवून नमस्कार केला. बाबूनं बटण दाबलं आणि फोटो स्क्रीनवर आला. इतके दिवस आरसा टाळलेल्या माणसापुढे त्याचंच तोंड एकदम उभं राहिलं. एक डोळा मोठा, एक लहान, ओठ डावीकडे निघालेले. डॉक्टरसाहेब खुर्ची पुढे ओढून त्याच्याकडे बघायला लागले, जसे इतरांचे फोटो बघत तसेच, नीट, सावकाश.

"इतकंसंच?" ते काकूंकडे वळून म्हणाले. "मले वाटलं होतं लय असेल."

मग त्यांनी सही केली. माझ्या नावापुढे साक्षीदार म्हणून त्यांचं नाव आलं, आणि आमचं लग्न झालं. हार घातले, तिच्या आईनं आणलेली सोनपापडी वाटली. मी जेवायला कुठे जायचं ते विचारत होतो, तर डॉक्टरसाहेब बाबूशी हुज्जत घालत होते. त्या फोटोची एक प्रत द्या म्हणत होते. बाबू म्हणत होता, तसं देता येत नाही काका, सिस्टीममध्ये नाही.

"ठीक आहे. मग दुकानात काढू."

आणि ते उघड्या तोंडानं जिना उतरून रस्त्यावर आले. दुपट्टा काकूंच्या हातात होता. आमची वरात म्हणाल तर तीच. पुढे डॉक्टरसाहेब, मागे गळ्यात हार घातलेले आम्ही दोघं, मागे खापरखेड्याची मंडळी, आणि सगळे मिळून कचेरीच्या कोपऱ्यावरच्या पासपोर्ट फोटोच्या दुकानात. दुकानदार आमचे हार बघून जोडीचा फोटो काढायला सरसावला. त्याला डॉक्टरसाहेबांनी बाजूला केलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

"पार्श्वभूमी पांढरी. दोन्ही कान दिसले पाहिजेत," ते म्हणाले. "सही करून एका माणसाले पाठवाचा आहे."

दुकानदारानं कॅमेऱ्यातून पाहिलं, थोडा घुटमळला आणि अदबीनं म्हणाला, "काका, तोंड जरा सरळ करता काय?"

"सरळच आहे गा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "काढ तू."